बोरकुटे भाऊंची तिथली तारीख

बोरकुटे भाऊंना तारीख विचारली की ते आधी विचारायचे, "इथली का तिथली?"

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीमागे ते बसत. आलेल्या गाडीची नोंद करायची, गेलेल्या गाडीची नोंद करायची आणि न आलेल्या गाडीबद्दल लोकांच्या शिव्या खायच्या, हे त्यांचं काम. खिडकीबाहेर फॉर्म घेऊन उभा असलेला माणूस "इथली" म्हणाला तर त्याचं भलं व्हायचं. पण घाईत "कोणतीपण सांगा" म्हणाला की त्याला तिथली मिळायची. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मनीऑर्डरच्या फॉर्मवर सुवाच्य अक्षरात 'रोवण्याची बारावी' अशी तारीख घातली होती. पोस्टातला माणूस तो फॉर्म घेऊन भांडायला स्टँडवर आला. भाऊंनी फॉर्म नीट वाचला, परत दिला आणि म्हणाले, "तारीख बराबर हाय. जागा चुकली."

तिथली म्हणजे निळझरी राज्यातली. हे राज्य कोणत्याही नकाशावर नाही. भाऊंचा पुतण्या नागपूरला इंजिनिअरिंग शिकत होता. नोकरी लागून हैदराबादला जाताना तो एक खोका भाऊंकडे ठेवून गेला. खोक्यात इंग्रजी पुस्तक आणि चित्रविचित्र फासे होते, एक तर वीस बाजूंचा. भाऊंनी डिक्शनरी घेऊन ते पुस्तक वर्षभर वाचलं. खेळ तसा सोपा. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीत राहायचं. भाऊ म्हणणार, तुमच्यासमोर गुहा आहे, आत काहीतरी घुरघुरून राह्यलं. आपण म्हणायचं, मी आत जाते. मग फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर बाहेर याल, लहान पडला तर देवाची मर्जी.

पुस्तकातलं सगळं भाऊंना पटलं, फक्त कॅलेंडर पटलं नाही. तिथं वर्षातले तीन महिने बर्फ पडत होता. "इतका बर्फ पडला तर लोक धानाचा रोवणा कवा करतीन?" असं म्हणून त्यांनी ते पान सोडून दिलं आणि स्वतःचं कॅलेंडर बांधलं. मोहाचा महिना, तेंदूचा महिना, रोवण्याचा, निंदणाचा, हलक्या धानाचा, भारी धानाचा, मग मंडईच्या जत्रांचा आणि नाटकांचा. वर्षाच्या शेवटी पाच दिवस उरत होते, ते कुठल्याच महिन्यात बसेनात. त्यांना भाऊंनी नाव दिलं 'फाट्यावरचे दिवस'. या दिवसांत जन्मलेल्या माणसाचं वय मोजत नसत.

पुस्तकात चंद्र दोन होते. ते भाऊंनी ठेवले. थोरला चंद्र साधी गाडी, धाकटा जलद. साधा चंद्र सगळीकडे थांबत थांबत महिन्यानं पुनवेला पोहोचायचा, जलद आठवड्यातच. यातून मोठा धर्मप्रश्न उभा राहिला. स्टँडवरच्या चहाकँटीनच्या शकूबाई या खेळात तलवारबाज होत्या. बाहेर मुंगी मारताना कचरणाऱ्या या बाई आत शिरल्या की राक्षसांची मुंडकी भाजीसारखी चिरायच्या. त्यांनी विचारलं, एकादशी कोणत्या चंद्राची धरायची? भाऊ म्हणाले, तुमची मर्जी. शकूबाईंनी पाप नको म्हणून दोन्ही धरल्या. तेव्हापासून निळझरीतली सगळ्यात शूर तलवारबाज बहुतेक वेळा उपाशी असायची, आणि भाऊ हिशोबानं तिची ताकद कमी करत.

तिसरा खेळाडू गजू, वडशाच्या रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवणारा. तो जादूगार होता. जीप भरल्याशिवाय तो निघत नसे, त्यामुळे खेळाला कधीच वेळेवर येत नसे. जो खेळाडू आला नाही त्याचं काय करायचं यावर पुस्तकात नीट उत्तर नव्हतं. भाऊंनी ते एसटीतून घेतलं. निळझरीत एका चिंचेखाली 'विनंती थांबा' होता. गैरहजर माणूस तिथं जाऊन बसायचा. तिथं बसलेल्याला कोणी मारू शकत नव्हतं, लुटू शकत नव्हतं आणि त्याचं वय वाढत नव्हतं. गजूचा जादूगार इतका वेळ तिथं बसायचा की तो सगळ्यांत तरुण राहिला.

आता मी यात कशी आले ते सांगते. माझं गाव कुरखेड्याच्या पुढं, जंगलाला लागून. बाबा तेंदूपत्ता तोडणाऱ्यांसाठी पत्रकं काढायचे. घरात गोष्टीची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मी अक्षरओळख 'बंधूंनो आणि भगिनींनो' पासून सुरू केली. ज्या वर्षी सगळं जग कॉम्प्युटरच्या तारखांच्या काळजीत होतं त्याच्या पुढच्या वर्षी मी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात आले आणि पहिल्याच महिन्यात होस्टेलच्या पाण्यावरून सभा ठरवली. पत्रक चिकटवायला स्टँडवर गेले. चौकशीच्या खिडकीतून एक सडपातळ माणूस बाहेर आला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पत्रक पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचलं. मला वाटलं, आता फाडतो. ते म्हणाले, "याच्यावर तारीख नाई."

मी म्हटलं, लिहिलंय की, रविवारी दुपारी.

"कोणत्या? हे कागद भिंतीवर वर्षभर राह्यते. दर रविवारी लोक येतीन आन् वापस जातीन." मग चष्मा परत कपाळावर चढवत, "तू ये रविवारी. टाइम कसा चालते ते दाखवतो."

मी भांडायला गेले. कँटीनच्या मागच्या पडवीत हे तिघं बसलेले, भिंतीवर गाड्यांच्या वेळापत्रकाचा जुना फळा उलटा टांगलेला आणि त्यावर खडूनं निळझरीची तारीख. रविवार म्हणजे भाऊंची साप्ताहिक सुट्टी. सुट्टीच्या दिवशीही तुम्ही स्टँडवरच कसे, असं मी विचारलं. ते म्हणाले, घरी घड्याळ आहे, त्याला चावी देऊन आलो.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की राजे, किल्ले, तलवारी हा सगळा सरंजामी कचरा आहे आणि कष्टकऱ्यांच्या सुट्टीच्या दिवशी त्यांच्या डोक्यात तो भरणं हा गुन्हा आहे. शकूबाईंनी माझ्यापुढं चहा ठेवला. भाऊ म्हणाले, "राजा हाय म्हणून तर तुह्या कामाचं हाय ते. टाक फासा."

फाशानं ठरवलं की मी राजवाड्याची घंटीवाली. गजू पोट धरून हसला. त्या दिवसापासून भाऊंसाठी माझं नाव पत्रकबाई.

घंटीवालीचं काम एवढंच की दिवस मावळला की घंटी वाजवायची. आमची घंटी म्हणजे स्टीलचा ग्लास आणि चमचा. पण ती वाजल्याशिवाय निळझरीत तारीख बदलत नसे. सूर्य गेला तरी नाही. गाडी दारात उभी असली तरी नोंद झाल्याशिवाय ती आलेली नसते, हे भाऊंच्या हाडात मुरलेलं. "घंटीबिगर तारीख नाई," हे ते इतक्यांदा म्हणायचे की शकूबाई गिऱ्हाइकांनाही ऐकवायच्या.

सुरुवातीला मी नाक मुरडत वाजवली. मग एका रविवारी लक्षात आलं की राजा किल्ला बांधतोय, खाणीतले मजूर सकाळपासून घंटीपर्यंत दगड फोडतायत, आणि राजाचा हुकूम येतो, घंटी आज जरा उशिरा. दुसऱ्या दिवशी आणखी जरा उशिरा. मजुरांचा दिवस राजा लांबवत होता आणि चमचा माझ्या हातात होता. माझं रक्त तापलं. मी तिथल्या तिथं निळझरीतलं पहिलं पत्रक लिहिलं आणि उभी राहून वाचलं. आठ तास काम, त्यावर एक घटका नाही. संपावरच्या माणसाची जागा घेणारा बदली हा आपल्याच भावाच्या ताटात हात घालतो, असं एक वाक्यही त्यात होतं. बाबांच्या पत्रकांत ते नेहमी असायचं.

भाऊंनी शांतपणे ऐकलं. ते वाक्य आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "निळझरीत वाचता किती जणांले येते? टाक फासा." तीन पडले. तीन माणसं साक्षर निघाली, आणि त्यातला एक राजा.

तेव्हा मी चमचा खाली ठेवला. म्हटलं, घंटीवाली आजपासून संपावर. राजा आठ तास मान्य करत नाही तोवर घंटी वाजणार नाही, आणि मजूरही दगडाला हात लावणार नाहीत. भाऊ फळ्याकडे वळले. फळ्यावर 'तेंदूची चवथी' होती. त्यांनी स्वतःच केलेल्या नियमात ते स्वतःच अडकले होते आणि त्याचा त्यांना इतका आनंद झाला होता की तो लपवायला त्यांनी गजूला विनाकारण झापलं.

पुढच्याच आठवड्यात रोवण्याचे दिवस म्हणून मी गावी गेले आणि मला तापानं धरलं. आमच्याकडे ताप सगळ्यांनाच येतो, पण हा डोक्यात चढला. कित्येक दिवस मला माणसं ओळखू येत नव्हती. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा मी भिंत धरून चालत होते आणि वाचायला घेतलं की ओळी सरकायच्या. कॉलेजची सहामाही परीक्षा येऊन गेली. बरोबरच्या मुली पुढं गेल्या. वर्ष गेलं, हे मी मनाशी म्हणत राहिले, आणि हळूहळू त्याचा अर्थ कॉलेज गेलं असाच झाला.

या दिवसांत एक विचित्र प्रकार सुरू झाला. ब्रह्मपुरीहून आमच्या गावाला संध्याकाळी मुक्कामी गाडी यायची. तिचा कंडक्टर दर सोमवारी आमच्या दारात यायचा आणि सांगायचा, "बोरकुटे भाऊंचा निरोप हाय. तारीख, तेंदूची चवथी." एवढंच. पाणी प्यायचा आणि जायचा. आईला वाटायचं कुणाची लग्नाची तारीख आहे. बाबांनी जन्मभर पत्रकं काढलेली. त्यांची खात्री पटली की हा कुठल्यातरी संघटनेचा सांकेतिक निरोप आहे. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, किती जण आहात? मी खरं ते सांगितलं. एक तलवारबाज, एक जादूगार आणि एक चौकशीवाले. बाबांनी कपाळाला हात लावून ताप पाहिला.

मला स्वतःला वाटलं, भाऊ टोमणा मारताहेत. तू गेलीस आणि आमचं सगळं अडलं, असं. मग त्या निरोपाचाही राग यायला लागला.

दिवाळी झाल्यावर मी ब्रह्मपुरीला गेले ती कॉलेजातून नाव काढायला. होस्टेलची पेटी आणायची, दाखला मागायचा आणि त्याच मुक्कामी गाडीनं परत यायचं, असं बाबांशी ठरलं होतं. रविवारी पेटी घेऊ, सोमवारी ऑफिस उघडलं की दाखला, म्हणून मी रविवारीच आले. स्टँडवर उतरले तर पडवीत तिघं बसलेले. फळ्यावर तेंदूची चवथी.

शकूबाईंनी मला जवळ घेतलं, दंड चाचपला आणि म्हणाल्या, "आली का घंटीवाली. आता मले या दिवसातून बाहेर काढ माय. चार महिने झाले, माही जखम भरून नाई राह्यली."

मग मला कळलं. जखम भरायला निळझरीत पाच दिवस लागतात, आणि दिवस तर पुढं सरकलाच नव्हता. मी गेल्यापासून दर रविवारी हे तिघं एकच संध्याकाळ खेळत होते. सूर्य डोंगरावर अर्धा बुडून तसाच थांबला होता. गजूची सगळ्यात मोठी जादू जलद चंद्राच्या अवसेला चालायची; ती अवस येतच नव्हती. करायला काही नाही म्हणून त्याच्या जादूगारानं त्या एका संध्याकाळी लग्न केलं, बायकोशी भांडला, तिला माहेरी पाठवलं, आणायला गेला, आणि तरी संध्याकाळच होती. शकूबाईंच्या तलवारबाजानं कंटाळून राजवाड्याच्या मुदपाकखान्यात कढी केली. ती त्या दिवसापासून उकळतच होती.

मी म्हटलं, अहो पण दुसरी घंटीवाली नेमायची ना. एक बदली.

"शंभरदा म्हणलं," गजू म्हणाला. "मी सोता वाजवतो म्हणलं. आयकतच नाई बुढा. तूच सांग त्याले."

भाऊ खडूशी खेळत होते. "संपावर बदली घेत नाई," ते म्हणाले. "तूच वाचून दाखवलं होतं."

मी म्हटलं, भाऊ, तो खेळ आहे.

शकूबाई चहाच्या भांड्याकडे वळल्या. गजू एरवी कोणाला बोलू द्यायचा नाही, तोही गप्प झाला. त्यावरून मला कळलं की पुढचं त्या दोघांना माहीत होतं.

"मी एकोणीस वर्साचा होतो," भाऊ म्हणाले. "भाताच्या गिरणीत संप होता. टाइमकीपर संपावर. दौलतभाऊ त्यायचं नाव. मले बोलावलं, मी गेलो. भोंगा वाजवाचा आन् टाइम लिहाचा, एवढंच काम. तिसऱ्या दिवशी दौलतभाऊ फाटकाशी आले."

"भांडले?" मी विचारलं.

"नाई. त्यायनं टाइम विचारला. मी सांगितला. मंग ते गेले."

एवढंच. पुढं दौलतभाऊंना ती जागा परत मिळाली नाही आणि ते कुठं गेले ते कोणाला कळलं नाही, हे मला शकूबाईंनी नंतर सांगितलं. भाऊंनी ती गिरणी वर्षाच्या आत सोडली होती.

मला माझं पत्रकातलं वाक्य आठवलं. ते आजही मला खरंच वाटतं, त्यातला एक शब्दही मी बदलणार नाही. पण ते वाक्य अंगावर घेऊन इतकी वर्षं चौकशीच्या खिडकीत बसलेला, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला वेळ सांगणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. आणि मला एवढंच कळत होतं की जगात सगळं माझ्यापुढं निघून गेलं होतं, परीक्षा, मैत्रिणी, रोवणा, धान. आणि या एका फळ्यावर मी गेले तो दिवस माझ्यासाठी धरून ठेवला होता.

मी पेटी न्यायला आले आहे, नाव काढते आहे, असं मी त्यांना सांगितलं. भाऊंनी मान हलवली. ठीक आहे म्हणाले. मग घसा साफ करून राजाचा आवाज काढला. हा आवाज ते फार वाईट काढायचे. राजा आठ तास मान्य करतो आहे, घंटीवालीनं घंटी वाजवून जावं. शकूबाईंनी ग्लास पुसून माझ्यापुढं ठेवला, चमचा ठेवला.

मी चमचा उचलला आणि खाली ठेवला. म्हटलं, फासा टाकला नाही.

"काऊन? राजा स्वखुशीनं देऊन राह्यला."

मी म्हटलं, मेहरबानी नको. संप चार महिने चाललाय, मला निरोप द्यायचा म्हणून कोणी राजा काही मान्य करत असेल तर ते मजुरांना नको आहे. नियमानं जे होईल ते.

भाऊंनी खडू खाली ठेवला. मग वीस बाजूंचा फासा काढला. दहाच्या वर पडलं तर राजा मानेल, म्हणाले. त्यांनी फासा टाकला, तो चटईवरून घरंगळत कँटीनच्या पायरीकडे गेला, आणि मी वाकायच्या आत त्यांनी त्यावर पंजा ठेवला. ज्या माणसानं पाच उरलेल्या दिवसांसाठी वेगळा फाटा काढला, उपासाच्या दिवशी तलवारीची धार कमी केली, त्यानं आजवर कधी फासा झाकला नव्हता. तो सगळ्यांनी पाहिल्याशिवाय ते आकडा बोलतही नसत.

त्यांनी बोटांच्या फटीतून पाहिलं. "तीन," ते म्हणाले. "राजा नाई मानत."

त्यांनी फासा उचलून खिशात टाकला.

"म्हणजे संप चालू," भाऊ म्हणाले. "येत्या रविवारी याव लागन तुले, पत्रकबाई. बदली तर आपण घेत नाई."

पायरीवर शकूबाई बसल्या होत्या. त्यांच्या बाजूनं फासा उघडा होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या चहा गाळत होत्या आणि त्यांनी मान वर केली नाही.

"तीनच होता माय," त्या म्हणाल्या.

मी पेटी होस्टेलमध्येच राहू दिली. मुक्कामी गाडी लागली तेव्हा कंडक्टरला सांगितलं, घरी निरोप द्या, तारीख तीच आहे.